हाकेच्या अंतरावरचे एरर

एरर वाचायचा असतो, ही गोष्ट हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीला मला सांगावी लागते. टर्मिनलवर कमांड मारली आणि खाली दोन ओळी उमटल्या, की हात आधी मोबाइलकडे जातो. स्क्रीनचा फोटो निघतो, ग्रुपवर पडतो. "मॅडम, एरर आलाय." काय आलाय? "माहीत नाही, कमांड चालत नाहीये." मी चिडत नाही, निदान पूर्वीइतकी नाही. कारण सगळा दोष त्यांचा नाही. ती ओळ त्यांच्यासाठी लिहिलेलीच नव्हती. ज्यांच्यासाठी लिहिली होती ती माणसं पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या मरे हिलला, बेल लॅब्जच्या इमारतीत, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर बसत होती. लिनक्सच्या सर्व्हरवर किंवा मॅकवर आज जे एरर दिसतात, त्यांतले कितीतरी त्याच खोल्यांमधून निघालेत. कोण कुणाशी बोलत होतं हे कळलं, की निम्मे एरर तिथेच सुटतात, असं माझं मत आहे. आणि ते मी ऐकवतेच, कुणी विचारो न विचारो.

माझी स्वतःची सुरुवात पुण्यातल्या एका सहकारी बँकेत झाली. एससीओ युनिक्सचा एक सर्व्हर आणि त्याला जोडलेले हिरव्या अक्षरांचे डंब टर्मिनल. शिकायला नागपूरच्या यशवंत कानेटकरांची पुस्तकं आणि मशीनमधली मॅन पानं. इंटरनेट नव्हतं, त्यामुळे एरर आला की तो शोधायचा कुठे हा प्रश्नच नव्हता. तो वाचण्यावाचून गत्यंतर नसायचं. ती सक्ती फायद्याची ठरली, असं आता म्हणायला हरकत नाही.

तर मरे हिल. १९६९ मध्ये बेल लॅब्जने मल्टिक्स या अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज या तिघांनी मिळून मांडलेला तो डाव. त्याच वर्षी केन थॉम्पसनने एका जुन्या पीडीपी-७ मशीनवर युनिक्सचा पहिला सांगाडा उभा केला, आणि डेनिस रिची त्याच्या जोडीला होता. मल्टिक्सवर काम करणाऱ्या टॉम व्हॅन व्लेकने एक आठवण लिहून ठेवली आहे. मल्टिक्समधला जवळजवळ अर्धा कोड चुका निस्तरण्यासाठीच लिहावा लागतो, असं तो रिचीला म्हणाला. रिचीचं उत्तर असं, की आम्ही ते सगळं वगळलं. गडबड झाली की पॅनिक नावाचं रूटीन चालतं, मशीन बंद पडतं आणि आम्ही बाहेर व्हरांड्यात ओरडतो, अरे, पुन्हा सुरू करा!

मला ही आठवण विनोद म्हणून आवडते, पण त्यात तंत्रज्ञानाची एक खरी बाब आहे. वाड्यात एका बिऱ्हाडाने दुसऱ्याला हाक मारावी तसं ते बोलणं होतं. अशा हाकेत कुणी नाव, गाव, कारण सांगत बसत नाही. ऐकणाऱ्याला संदर्भ ठाऊकच असतो.

त्यात यंत्रांचा हात आखडता. समोर टेलिटाइप. मॉडेल ३३ चा वेग सेकंदाला १० अक्षरं, आणि अक्षरं फक्त कॅपिटल. साठ अक्षरांचं एक नीट वाक्य छापायला सहा सेकंद, तेही खडखडाट करत, कागदावर. १९७१ च्या सुमारास त्यांच्या पीडीपी-११ वर मेमरी २४ किलोबाइट होती. त्यातली १६ खुद्द सिस्टिमला आणि ८ वापरणाऱ्याच्या प्रोग्रामला. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'सुप्रभात'चा फोटो त्याहून मोठा असतो. तिथे एररसाठी परिच्छेद कोण लिहिणार? थॉम्पसनच्या 'एड' या एडिटरने तर कमाल केली. काहीही चुको, तो एकच उत्तर द्यायचा: एक प्रश्नचिन्ह. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं. त्यातही ही वागणूक राजरोस नोंदवलेली आहे. पुढे एक चुटका प्रसिद्ध झाला, की थॉम्पसनच्या गाडीत ना वेग दाखवणारा काटा, ना पेट्रोलचा. बिघाड झाला की डॅशबोर्डवर फक्त मोठं प्रश्नचिन्ह पेटतं, आणि अनुभवी चालकाला काय बिघडलंय ते कळतंच. एड आजही लिनक्सवर आहे आणि आजही प्रश्नचिन्हच देतो. कॅपिटल एच टाइप केलं तर कारणही सांगतो, एवढी सुधारणा झाली.

या काटकसरीचा सगळ्यात टिकाऊ वारसा म्हणजे एररचे क्रमांक. प्रोग्रामने सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, काही मागितलं आणि ते जमलं नाही, की कर्नल कारण शब्दांत सांगत नाही. एक आकडा हातात ठेवतो. २ म्हणजे 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', १३ म्हणजे 'परमिशन डिनाइड'. आकड्याबरोबर फाइलचं नाव येत नाही. नाव जोडायची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची, आणि तो आळशी निघाला की आपल्यासमोर नुसतं 'अशी फाइल नाही' एवढंच येतं. कुठली फाइल? मुलं म्हणतात, "मॅडम, फाइल तर समोर दिसतेय." दिसते ना, पण प्रोग्राम तीच शोधतोय कशावरून? तो वेगळ्या डिरेक्टरीत उभा असेल, ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून चालत असेल, कॉन्फिगमधला जुना रस्ता वाचत असेल. १३ चंही तसंच. फाइलला सगळ्या परवानग्या दिल्या, ७७७ करून टाकलं, तरी परवानगी नाहीच. कारण वाटेवरच्या एखाद्या डिरेक्टरीला आत शिरायचीच परवानगी नसते, आणि कर्नल त्या डिरेक्टरीचं नाव सांगत नाही. (७७७ करून प्रश्न सुटला असं कुणी अभिमानाने सांगितलं, की मला दुसऱ्या दिवशीची कामं दिसायला लागतात.)

आता मला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट. १९७३ च्या सुरुवातीला बेल लॅब्जच्याच डग मॅकिलरॉयच्या आग्रहावरून थॉम्पसनने युनिक्समध्ये पाइप आणले: एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या तोंडात. त्या वेळी एररही आउटपुटच्याच वाटेने जायचे. म्हणजे यादी मागितली आणि मधे काही चुकलं, तर तक्रारीची ओळ यादीतच मिसळून पुढच्या प्रोग्रामकडे जायची, आणि तो बिचारा तिलाही माहिती समजून चघळायचा. हे त्रासाचं आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण 'एक आत येणारी वाट, एक बाहेर जाणारी' हा साधेपणा मोडायला कुणी तयार नव्हतं. सहाव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे १९७५ पर्यंत, त्यांनी ते निभावून नेलं.

मग मधे पडलं एक फोटोटाइपसेटर, ग्राफिक सिस्टिम्स कंपनीचं सीएटी. जो ओसानाने त्याच्यासाठी ट्रॉफ हा मजकुराची मांडणी करणारा प्रोग्राम लिहिला होता. हे यंत्र साध्या कागदावर छापत नसे. फोटोच्या कागदावर प्रकाशाने अक्षरं उमटवायचं, आणि तो कागद मग रसायनातून काढून डेव्हलप करावा लागे. महाग, ओलं आणि वेळखाऊ काम. तिथल्याच स्टीव्ह जॉन्सनने सांगितलेली हकीकत अशी, की एका दुपारी अनेकांच्या वाट्याला एकच अनुभव आला. मजकूर यंत्राला दिला, कागद रसायनातून काढला, आणि बघतात तर पानावर सुबक टाइपात एकच ओळ: अमुक फाइल उघडता आली नाही. पुरेशा मोठ्याने, योग्य माणसांच्या कानांवर पडेल अशी कुरकुर झाली, आणि दोनचार दिवसांत एररसाठी वेगळी वाट तयार झाली. ती काढली रिचीने. आउटपुटची वाट क्रमांक १, एररची क्रमांक २.

मॅकिलरॉयने पुढची अडचणही नोंदवली आहे. पाइपने जोडलेले चार प्रोग्राम एकाच वेळी चालू असताना एरर आला, तर तो कुणाचा? तेव्हा प्रत्येक प्रोग्रामने तक्रारीआधी आपलं नाव सांगायचं असं ठरलं, आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीसाठी जुने प्रोग्राम एकेक करून दुरुस्त करायला घेतले गेले. ते काम पुरतं कधीच संपलं नाही. पण एररच्या ओळीत आज जे कोलन दिसतात ते त्या सफाईतले. पहिल्या कोलनआधी बोलणारा, मग कशाबद्दल, शेवटी कारण. आमची मुलं शेवटचा तुकडा तेवढा वाचतात. पहिला वाचला तर कळेल की तक्रार त्यांच्या प्रोग्रामची नाहीच, ती कमांड वाचून चालवणाऱ्या शेलची आहे. म्हणजे प्रोग्राम अजून सुरूच झालेला नाही.

दोन वाटांमुळे बँकेत एक मजेशीर प्रकार पाहिला. डे-एंडची स्क्रिप्ट रात्री क्रॉनवर चालायची. लिहिली होती बाहेरच्या एका व्हेंडरच्या माणसाने. सकाळी लॉग फाइल स्वच्छ, पण खात्यांचे आकडे जुळेनात. स्क्रिप्टने वाट क्रमांक १ लॉगकडे वळवली होती, २ कडे बघितलंच नव्हतं. क्रॉनने आपलं काम इमानेइतबारे केलं होतं: आलेला प्रत्येक एरर रूटच्या मेलबॉक्समध्ये टाकला होता. तो मेलबॉक्स उघडायचा असतो हे कुणाच्या गावीही नव्हतं. आत महिन्यांच्या तक्रारी साचलेल्या. आजही लॉग रिकामा दिसला की मी पहिल्यांदा हेच विचारते, की दोन नंबर कुठे जातोय. आणि वळवताना क्रम महत्त्वाचा. आधी १ ला फाइलकडे वळवायचं, मग २ ला १ च्या मागे लावायचं. उलटं केलं तर २ जुन्याच ठिकाणी, म्हणजे स्क्रीनवर जातो, कारण शेल डावीकडून उजवीकडे वाचत जातं आणि त्या क्षणी १ जिकडे असेल तिकडेच २ ला पाठवतं.

एरर क्रमांक २५ चं पुराण वेगळंच. त्याचा मजकूर होता 'नॉट अ टाइपरायटर'. टेलिटाइपला द्यायची आज्ञा, उदाहरणार्थ वेग बदलण्याची, साध्या फाइलला दिली की कर्नल म्हणायचा, हा टाइपरायटर नाही. इथवर ठीक. पण सी भाषेची लायब्ररी पहिलं अक्षर लिहिण्याआधी गुपचूप चौकशी करायची, की समोर टर्मिनल आहे की फाइल. टर्मिनल असेल तर ओळीओळीने द्यायचं, फाइल असेल तर गठ्ठ्याने. फाइल असली की २५ चं उत्तर यायचं, लायब्ररी ते समजून घ्यायची आणि काम पुढे सुरू. मात्र तो आकडा तसाच पडून राहायचा. पुढे भलतंच काही चुकलं, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने न तपासता 'शेवटचा एरर' छापला, की तो पडून राहिलेला २५ बाहेर यायचा. सेंडमेल या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रामने परत पाठवलेल्या ईमेलमध्ये असं व्हायचं: पत्र पोचलं नाही, कारण, हा टाइपरायटर नाही. पत्ता चुकलेला माणूस काय समजणार यातून! कारण आणि तक्रार यांचा काडीचा संबंध नसेल, तर कारण शिळं आहे असं धरावं आणि त्याच्या मागे लागू नये. हल्ली २५ ला 'इनअप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस' म्हणतात. अचूक आहे. मला टाइपरायटरच बरा वाटतो. निदान हसू तरी येतं.

ती गुपचूप चौकशी अजूनही चालू असते. लॉगवर टेल लावून ते दोन ग्रेपमधून काढलं आणि स्क्रीनवर बराच वेळ काहीच आलं नाही, तर मशीन हँग झालेलं नसतं. मधल्या ग्रेपने समोर पाइप पाहून गठ्ठा जमवायला घेतलेला असतो.

मेकची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती ऐकून लोक हळहळतात. १९७६. वर आलेले हेच स्टीव्ह जॉन्सन तणतणत त्यांचा सहकारी स्टुअर्ट फेल्डमन याच्या खोलीत शिरले. मुळात बरोबर असलेला प्रोग्राम तपासण्यात त्यांची सकाळ वाया गेली होती: चूक दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. आदल्या संध्याकाळी फेल्डमनचीही तशीच फजिती झालेली. त्या शनिवार-रविवारी त्याने मेक लिहिलं: बदललेल्या फाइली ओळखून पुन्हा कंपाइल करून घेणारा प्रोग्राम. मेकफाइल या त्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला टॅब असेल तर ती कमांड, असा सोपा नियम ठेवला, कारण लेक्स हे नवं साधन वापरायला गेला आणि त्यात गुंतून पडला. काही आठवड्यांत वापरणारे डझनभर झाले, बहुतेक मित्रच, आणि त्यांच्या फाइली बिघडू नयेत म्हणून नियम तसाच ठेवला. डझनभर! आज पीडीएफमधून कॉपी केलेली मेकफाइल 'मिसिंग सेपरेटर' म्हणत थांबते, आणि स्क्रीनवर टॅब आणि स्पेस तंतोतंत सारखे दिसतात. जीएनयू मेकने पुढे दया दाखवून विचारायला सुरुवात केली, की आठ स्पेसऐवजी टॅब घालायचा होता का? फेल्डमनला २००३ चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला, तो या मेकसाठीच.

आणि न दिसणाऱ्या अक्षरांचा राजा म्हणजे कॅरेज रिटर्न. टेलिटाइपवर नवी ओळ म्हणजे दोन वेगळ्या हालचाली: छपाईचं डोकं डावीकडे परत नेणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. म्हणून दोन अक्षरं. मल्टिक्सने ठरवलं, की फाइलमध्ये एकच ठेवू, दुसरं छापताना घालू. युनिक्सने तेच उचललं. सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमने मात्र दोन्ही ठेवली, त्याच्यावरून १९८१ मध्ये एमएस-डॉसने, आणि तिथून विंडोजने. १९८० च्या जानेवारीत रिचीने आणखी एक सोय केली: स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत हॅश आणि उद्गारचिन्ह लिहून पुढे ती कुणी चालवायची त्याचं नाव द्यायचं, की कर्नल त्याला शोधून आणतो. या दोन निर्णयांची गाठ आज हिंजवडीच्या कुठल्याही ऑफिसात रोज पडते. मुलगा विंडोजच्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट लिहितो आणि लिनक्सच्या कंटेनरमध्ये टाकतो. कर्नल पहिली ओळ वाचतो आणि शेलच्या नावाला चिकटलेल्या कॅरेज रिटर्नसकट तो प्रोग्राम शोधतो. असल्या नावाचं कुणी नसतं. उत्तर: क्रमांक २, अशी फाइल नाही. मुलगा स्क्रिप्टकडे बोट दाखवून म्हणतो, आहे की! स्क्रिप्ट आहेच. नाहीये तो ती चालवणारा.

इथे मी कॅट कमांडला व्ही हा पर्याय लावून दाखवते. प्रत्येक ओळीच्या शेवटी टोपी आणि एम उगवतात, म्हणजे तोच कॅरेज रिटर्न. हा पर्याय बर्कलीच्या लोकांनी कॅटमध्ये घातला, आणि बेल लॅब्जच्या रॉब पाइकला तो इतका खटकला की १९८३ मध्ये त्याने युसेनिक्सच्या परिषदेत त्याच्यावर टीका करणारं भाषण दिलं: कॅटचं काम फाइली जोडणं, अक्षरं रंगवून दाखवणं नव्हे. तत्त्व म्हणून पाइकचं बरोबर आहे. मी तो पर्याय आठवड्यातून कितीदा वापरते ते त्याला न कळलेलं बरं. दिसलं की डॉस-टू-युनिक्स चालवायचं, आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये ओळींच्या शेवटाचं सेटिंग एकदा नीट लावून टाकायचं, नाहीतर पुढच्या चेकआउटला पाहुणे पुन्हा हजर.

गिटपर्यंत येता येता जग बदललं होतं. लिनस टॉरव्हाल्ड्सने २००५ च्या एप्रिलमध्ये ते लिहायला घेतलं, ते जगभर विखुरलेल्या, एकमेकांना न भेटलेल्या लोकांसाठी. तिथे हाक मारून भागणार नव्हतं. सुरुवातीचं गिट तुसडंच होतं, पण हळूहळू ते सल्ला द्यायला शिकलं: कमांडचं स्पेलिंग चुकलं तर जवळची कमांड सुचवतं, पुश नाकारला गेला तर आधी काय करायचं ते सांगतं. २०१५ मध्ये एल्म भाषेच्या कंपायलरने तर नवख्या माणसाला समजेल असं सविस्तर बोलायचं ठरवलं. मला हे आवडतं. फक्त लांब बोलण्याचा एक तोटा असा, की हल्लीचं एखादं बिल्ड टूल चारशे ओळी ओतून थांबतं आणि मुलं शेवटची ओळ ग्रुपवर टाकतात. शेवटच्या ओळीत फक्त 'अयशस्वी' एवढंच असतं. कारण वर कुठेतरी पहिल्या एररमध्ये असतं. खालचे सगळे त्याचे परिणाम. वर सरकत जा, पहिला शोध, कोलन मोज.

आणि इतकं करूनही नुसतं 'अशी फाइल नाही' एवढंच हाती लागलं, तर मी एसट्रेस लावते. पॉल क्रेननबर्गने १९९१ मध्ये सन कंपनीच्या मशीनसाठी लिहिलेलं हे साधन, आता लिनक्सवर सर्रास मिळतं. प्रोग्राम आणि कर्नल यांच्यातलं सगळं बोलणं ते कागदावर उतरवावं तसं दाखवतं: काय मागितलं, कुठल्या नावाने मागितलं, कुठला आकडा परत आला. प्रोग्रामने जे नाव सांगायचा आळस केला ते तिथे अवतरणचिन्हांत दिसतं. आणि ते नाव बऱ्याच वेळा दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या मुलाच्या होम डिरेक्टरीतलं निघतं.